लाल बटण कुणाच्या हाती?

२०२१ सालच्या १० ऑगस्टच्या रात्री यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी गावात एक हेलिकॉप्टर सुरू झालं. ते गावातच बनलं होतं. महागाव तालुक्यातलं हे गाव. कापूस-सोयाबीनचा पट्टा, दक्षिणेला पैनगंगा आणि नदीपलीकडे नांदेड जिल्ह्यातला माहूरगड. हेलिकॉप्टर बनवणाऱ्याचं नाव शेख इस्माईल शेख इब्राहिम. गाव त्याला मुन्ना म्हणायचं. वय चोवीस, शिक्षण आठवीपर्यंत, काम वेल्डिंगच्या दुकानात: कपाटं, कूलर, पत्र्याची कामं. यूट्यूबवर पाहत, दुकानातून वेळ काढत त्याने जवळजवळ दोन वर्षं हे एकच यंत्र रचलं. एका माणसापुरती जागा, मारुती ८०० गाडीचं इंजिन, स्वतः कापून जोडलेला सांगाडा. १५ ऑगस्टला ते सगळ्यांना दाखवायचं असं त्याच्या मनात होतं. पाच दिवस आधीच्या त्या चाचणीत तो आत बसला, इंजिन चालू केलं, पंखा फिरू लागला. मग शेपटीच्या पंख्याचं पातं तुटलं, मुख्य पंख्यावर आदळलं आणि मुख्य पंख्याचा फटका मुन्नाच्या डोक्याला बसला. तो वाचला नाही.

चाचणीचं चित्रीकरण झालेलं होतं. ते दुसऱ्या दिवशी देशभर फिरलं. ‘थ्री इडियट्स’मधल्या रँचोची आठवण प्रत्येक बातमीत निघाली, कारण तो चित्रपट त्याचा आवडता होता असं गावकऱ्यांनी सांगितलं. आठवडाभर हळहळ झाली आणि विषय मिटला. कुणी त्याला वेडा धाडसी म्हटलं, कुणी वाया गेलेली प्रतिभा म्हटलं. दोन्ही बोलण्यांत दोष किंवा मोठेपणा त्याच्या एकट्याच्या पदरी घालून बाकीचे मोकळे झाले.

मला त्या रात्रीबद्दल वेगळाच प्रश्न छळत राहिला आहे. आजूबाजूला त्याची माणसं होती, त्याच्यावर जीव लावणारी होती. पण ‘आत बसू नकोस, आधी रिकामं फिरवून पाहू’ असं सांगू शकेल आणि ज्याचं तो ऐकेल, असं जाणतं माणूस तिथे नव्हतं. दोन वर्षांत एकदाही नव्हतं.

हेलिकॉप्टरचं शास्त्र थोडं समजून घेतलं तर अशा माणसाची किंमत कळते. मुख्य पंखा एका बाजूला फिरू लागला की खालचं धड उलट बाजूला फिरू पाहतं. शेपटीचा छोटा पंखा हवेला आडवा रेटा देऊन धडाला स्थिर धरतो. म्हणजे तो छोटा असला तरी त्याच्याविना यंत्र उडूच शकत नाही. फिरणाऱ्या पात्याच्या बुडाशी जी ओढ पडते, ती वेग दुप्पट झाला की चौपट होते. हळू फिरताना जो सांधा निवांत दिसतो, तोच वेग वाढला की सुटू शकतो. वेल्डमधली केसाएवढी भेग नुसत्या डोळ्यांना दिसत नाही; ती शोधायला भेगेत शिरणारं रंगीत द्रावण लावून पाहावं लागतं. म्हणून पंख्याच्या पहिल्या चाचण्या माणूस आत न बसवता घ्यायच्या असतात. यंत्र जमिनीला जखडायचं, वाळूच्या पोत्यांचा आडोसा करायचा, ॲक्सिलरेटरची तार लांबवर नेऊन तिथून वेग वाढवायचा आणि तासन्‌तास नुसतं फिरवायचं. खुद्द इगोर सिकोर्स्कीने १४ सप्टेंबर १९३९ रोजी आपलं व्हीएस-३०० हे हेलिकॉप्टर पहिल्यांदा उचललं तेव्हा ते दोरांनी बांधलेलं होतं. बांधणीतून सुटून ते मोकळं उडालं ते पुढच्या वर्षी, मे महिन्यात. सिकोर्स्कीच्या मागे तेव्हा विमानं बनवण्याचा तीस वर्षांचा अनुभव आणि एक आख्खा कारखाना होता. तरी तोवर त्याने दोर सोडले नाहीत.

हे ज्ञान गुप्त नाही. फुलसावंगीहून पुसद लांब नाही आणि पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे. यवतमाळला अभियांत्रिकीचं शिक्षण मिळतं, आयटीआय आहेत. मी यात कोणत्याही संस्थेला दोष देत नाही, कारण वेल्डिंगच्या दुकानात काय चाललंय हे पाहायला जाणं कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं. आठवीत शाळा सुटलेल्या पोराने कॉलेजच्या फाटकातून आत जाऊन ‘सर, माझं डिझाइन बघता का’ असं विचारावं, अशी वाटच आपण ठेवलेली नाही.

हा सगळा विषय माझ्या मनात पुन्हा उसळला तो शाळकरी मुलांच्या रोबोटिक्स स्पर्धांमुळे. या स्पर्धांच्या जगात वर्षानुवर्षं एक वाद धुमसतो आहे: सामना चालू असताना मुलांच्या शेजारी उभं राहून सूचना देणारा कोच मोठा माणूस असावा की संघातलाच एखादा विद्यार्थी? वरवर पाहता हा सधन शाळांमधला, वातानुकूलित सभागृहांतला वाद. फुलसावंगीशी त्याचा काय संबंध, असं कुणी विचारेल. पण मुलाच्या हातात हत्यार असताना जाणत्याने कुठे उभं राहायचं, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे. एकीकडे जाणता माणूस फार जवळ आला आहे, दुसरीकडे तो आलाच नाही.

आधी हा खेळ कसा असतो ते सांगतो. अमेरिकेतला संशोधक-उद्योजक डीन केमन याने १९८९ साली ‘फर्स्ट’ ही संस्था काढली. खेळाडूंना आणि सिनेनटांना मिळतं ते कौतुक अभियंत्यांच्या आणि शास्त्रज्ञांच्या वाट्याला यावं, मुलांना तेही नायक वाटावेत, ही त्याची धडपड. एमआयटीतले प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स त्याला येऊन मिळाले. विद्यार्थ्यांना सुटे भाग देऊन यंत्र बनवायला लावायचं आणि मग त्या यंत्रांची आपसांत झुंज लावायची, हा प्रयोग ते आपल्या वर्गात आधीपासून करत होते. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांनिशी पहिली स्पर्धा झाली. आज तिच्या मोठ्या मुलांच्या गटात सामना साधारण अडीच मिनिटांचा असतो. तीन-तीन संघांच्या दोन आघाड्या, प्रत्येक रोबो पन्नास किलोंच्या आसपास वजनाचा. पहिले काही सेकंद रोबो आपल्या प्रोग्रॅमवर चालतो, नंतर मुलं त्याला काचेआडून चालवतात. चालवणारी मुलं, मैदानाच्या कडेने खेळाचं साहित्य पुरवणारं मूल, तंत्रज्ञ, ही सगळी शाळकरी वयाचीच असावी लागतात. फक्त एका जागेसाठी वयाची अट नाही. ती जागा कोचची. तिथे विद्यार्थी उभा राहू शकतो किंवा प्रौढ मार्गदर्शकही.

या एका मोकळ्या जागेवरून संघासंघांत खल होतो. प्रौढाच्या बाजूने बोलणारे सांगतात: मुलं चार वर्षांत शाळा सोडून जातात, मार्गदर्शक राहतो. त्याने शेकडो सामने पाहिलेले असतात. आपला रोबो अडकला, भिडू संघाचा बंद पडला, प्रतिस्पर्धी वाट अडवून बसला, अशा वेळी चार सेकंदांत डाव बदलायला शांत डोकं लागतं. चालवणाऱ्या मुलांची नजर आपल्याच रोबोवर खिळलेली असते. मैदान सगळं पाहणारा कुणीतरी हवा. विद्यार्थ्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात: अडीच मिनिटंच तर आहेत. सहा-आठ आठवडे मार्गदर्शक बोलतच होता. आता तरी मुलांचं मुलांना ठरवू दे. डाव चुकला तर चुकला. त्या चुकीतून शिकणं हाच तर उद्देश.

यात एक बारकी गोष्ट आहे, आणि आपल्याकडे ती फार मोठी होते. सामन्याआधी आघाडीतल्या तिन्ही संघांचे कोच एकत्र येऊन डाव ठरवतात. तुमची कोच पंधरा वर्षांची विद्यार्थिनी, शेजारच्या संघाचे कोच पंचेचाळिशीचे सर. आता ही पोर आपल्या संघाचा रोबो कुठे चांगला चालतो हे पक्कं जाणते. पण ‘सर, तुमचा डाव आमच्या रोबोला जमणार नाही’ हे तिच्या तोंडून निघेल? आपल्या घरांत आणि वर्गांत मोठ्यांचं म्हणणं खोडून काढायला कुणी शिकवत नाही. ती मान डोलावते, डाव सरांचा ठरतो. म्हणजे एकाच संघाने प्रौढ कोच उभा केला की बाकीच्या दोन संघांतल्या विद्यार्थी-कोचचा आवाज जातो. अमेरिकेतल्या मुलांचीही हीच तक्रार आहे. तिथे ती संकोचाची, इथे संस्काराची. म्हणून काही संघ नाइलाजाने प्रौढ कोच देतात. दुसऱ्याने दिला म्हणून आपण द्यायचा, असं करत मुलांची जागा हळूहळू मोठ्यांकडे जाते.

वेगवेगळ्या स्पर्धांनी यावर वेगवेगळे तोडगे काढले. ‘फर्स्ट’चं तत्त्व असं की अनुभवी अभियंत्याने मुलांच्या खांद्याला खांदा लावून काम करणं हाच प्रेरणेचा मार्ग, म्हणून मार्गदर्शकाने पाना हातात घेतला तर तो गुन्हा नाही. चांगल्या मार्गदर्शकाला वुडी फ्लॉवर्स यांच्या नावाने मोठा पुरस्कारही दिला जातो. ‘व्हेक्स’ या दुसऱ्या मोठ्या स्पर्धेने उलट टोक धरलं: रचना, जोडणी, प्रोग्रॅम, डावपेच सगळं मुलांचंच, खेळाच्या वेळी मैदानाच्या कडेला चालक चमूत मोठ्यांना जागाच नाही. ‘वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाड’ या स्पर्धेत दोन-तीन मुलांचा संघ असतो आणि कोच नावाचा मोठा माणूस असतो, पण स्पर्धा सुरू झाली की त्याने मुलांच्या कामाच्या जागेत पाऊल टाकायचं नाही. या स्पर्धेची आंतरराष्ट्रीय फेरी २०१६ मध्ये दिल्लीजवळ झाली होती. तेव्हा काही गटांत मुलांना रोबोचे सुटे भाग घेऊन जावे लागत आणि सगळ्यांसमोर तो पहिल्यापासून जोडावा लागे. वर त्याच दिवशी सकाळी एक नवा, आधी न सांगितलेला नियमही दिला जाई. घरी कुणी जोडून दिला असेल तर ते तिथे उघडं पडे. लहान मुलांच्या ‘लेगो लीग’मध्ये परीक्षक मुलांशी बोलतात तेव्हा कोच खोलीत बसू शकतो, तोंड मात्र बंद ठेवून. एखाद्या बोलक्या सरांसाठी ही किती मोठी शिक्षा असेल!

पण या सगळ्या नियमांच्या गर्दीत मला सगळ्यांत शहाणा वाटला तो ‘फर्स्ट’च्या मोठ्या स्पर्धेतला एक नियम. रोबो फक्त चालक मुलांनी आणि साहित्य पुरवणाऱ्या मुलाने चालवायचा. कोचने नियंत्रणांना हात लावायचा नाही, मग तो प्रौढ असो की विद्यार्थी. याला अपवाद एकच: रोबो ताबडतोब बंद करणारं लाल बटण. ते दाबायचा अधिकार कोचला आहे. रोबो पेटला, काही तुटून उडू लागलं, यंत्र ताब्याबाहेर गेलं, तर कोचने कुणाची परवानगी न घेता हात पुढे करावा. चालवणं मुलांचं. थांबवण्याचा अधिकार मात्र शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही.

मार्गदर्शक म्हणून मोठ्या माणसाला काय काय करता यायला हवं, याचं याहून नेमकं उत्तर मला कुठे सापडलेलं नाही. मुलाचा डाव फसत असेल तर फसू द्यावा. मूल जायबंदी होणार असेल तर क्षणही दवडू नये. या दोहोंतला फरक ओळखणं हीच त्याची विद्या. स्पर्धेच्या तयारीच्या जागेत चष्मा घातल्याशिवाय पाऊल टाकू न देणारे, सामन्याआधी प्रत्येक रोबोची तपासणी करणारे, बॅटरीची उघडी तार दिसली की परत पाठवणारे, हे सगळे लोक मिळून ती लाल बटणाची जबाबदारी वाटून घेतात. मुलाला ते त्रासदायक वाटतात. फुलसावंगीत असा त्रास देणारं कुणी नव्हतं.

महाराष्ट्रात रोबोची मैदानं नवी नाहीत. आशिया-पॅसिफिक देशांतल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची ‘एबीयू रोबोकॉन’ ही स्पर्धा २००२ पासून चालते आणि भारतातला तिचा यजमान दूरदर्शन. पुण्याने तिची आंतरराष्ट्रीय फेरी दोनदा भरवली. २००८ साली विषय दहीहंडीचा होता. यंत्रांनी लोण्यापर्यंत पोहोचायचं होतं. २०१४ साली बालेवाडीच्या क्रीडासंकुलात जो विषय दिला गेला, त्याकडे आज पाहताना तो या लेखासाठीच निवडल्यासारखा वाटतो: पालकत्वाला सलाम. प्रत्येक संघाने दोन रोबो करायचे, एक पालक आणि एक मूल. पालक रोबो माणूस चालवणार. मूल रोबो मात्र पूर्ण स्वयंचलित, त्याला बाहेरून कुणी हुकूम देणार नाही. दोघांनी मिळून बागेत जायचं. सी-सॉवर पालक सोबत, झोक्यावर पालकाने ढकलायचं, पण खांबांवरून चालताना आणि जंगल जिमवर चढताना मूल एकटं. पालकाने उचलून योग्य जागी ठेवायचं आणि मागे सरायचं. सगळी कामं आधी पूर्ण करणाऱ्या संघाचा विजय ‘शाबाश’ या नावाने जाहीर व्हायचा. अभियंते किती वेळा इतका मानवी नियम लिहितात?

रोबोकॉनमध्ये प्रत्येक संघासोबत एक प्राध्यापक असतो, पण मैदानात तो उतरत नाही. पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ज्यांनी या संघांची कार्यशाळा पाहिली आहे, त्यांना तिथली खरी व्यवस्था ठाऊक असते. दुसऱ्या वर्षाची मुलं तिसऱ्या वर्षाकडून शिकतात, तिसऱ्या वर्षाची शेवटच्याकडून. पास होऊन नोकरीला लागलेले दादा-ताई शनिवार-रविवारी येऊन मोटर का तापते ते पाहून जातात. कोणी कोणाला ‘सर’ म्हणत नाही, म्हणून भांडणंही मोकळी होतात आणि चूक कबूल करायला लाज वाटत नाही. विद्यार्थी-कोच यशस्वी होतो तो अशा साखळीमुळे. साखळी नसताना नुसतं ‘मुलांवर सोडा’ म्हणणं म्हणजे त्यांना उघड्यावर सोडणं. आयआयटी मुंबईच्या ‘ई-यंत्र’ प्रकल्पाने हीच साखळी दूरवर न्यायचा प्रयत्न केला. रोबोचा संच थेट कॉलेजात पाठवायचा, कामं टप्प्याटप्प्याने द्यायची, अडलं की दुरून मदत करायची. विदर्भ-मराठवाड्यातल्या लहान गावांच्या कॉलेजांना याचा उपयोग होतो. पण ते कॉलेजात पोहोचलेल्यांसाठी.

शाळेच्या पातळीवर काय आहे? मुंबईची मुलं जगात चमकली आहेत. २०१७ मध्ये वॉशिंग्टनला झालेल्या ‘फर्स्ट ग्लोबल’ या राष्ट्रा-राष्ट्रांच्या स्पर्धेत मुंबईच्या सात विद्यार्थ्यांचा संघ भारताकडून उतरला आणि अभियांत्रिकी रचनेचं सुवर्णपदक घेऊन आला. त्या मुलांना कसलेले मार्गदर्शक मिळाले, सरावाला जागा मिळाली. मोठं यश असंच येतं, त्याबद्दल कुरकुर करण्यासारखं काही नाही.

कुरकुर आहे ती खालच्या पायरीवर. शहरांत रोबोटिक्सचे क्लास निघाले आहेत. त्यांतले काही मनापासून शिकवतात. काही क्लास मात्र बक्षीस विकतात. पालक पैसे मोजतो, क्लासचे सर रोबो जोडतात, प्रोग्रॅम लिहितात, मुलाकडून भाषण पाठ करून घेतात. गावाकडच्या विज्ञान प्रदर्शनीतही वेगळं नाही. तिथे वडील-काका किंवा शाळेतले उत्साही सर मॉडेल करतात आणि पोरगं इस्त्रीचा गणवेश घालून त्यामागे उभं राहतं. परीक्षकाने ‘ही तार काढली तर काय होईल?’ असं विचारलं की ते सरांकडे पाहतं. त्या नजरेत सगळा निकाल असतो. त्या मुलाने काहीही चोरलेलं नसतं. उलट त्याच्याकडून काहीतरी चोरलेलं असतं. स्वतः जोडलेला दिवा पहिल्यांदा लागतो तो क्षण त्याला मिळालेलाच नसतो.

केंद्र सरकारच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून शाळांत अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, प्रत्येक लॅबला वीस लाखांपर्यंतचं अनुदान, त्यातले दहा लाख उभारणीला आणि दहा लाख पाच वर्षं चालवायला. त्रिमितीय प्रिंटर, सेन्सर, मोटारी, हत्यारं सगळं येतं. दहा हजारांच्या घरात लॅब झाल्या आणि २०२५च्या अर्थसंकल्पात आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. शाळकरी मुलांनी सुचवलेल्या कल्पनांतून निवडलेल्यांना मॉडेलसाठी दहा हजार रुपये देणारी ‘इन्स्पायर-मानक’ योजनाही आहे. म्हणजे पैसा अगदीच नाही असं नाही. माणूस नाही. लॅबची जबाबदारी बहुधा विज्ञानाच्या शिक्षकावर येते आणि त्यांच्या डोक्यावर आधीच दहावीचा निकाल, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची कामं असतात. शिवाय वस्तू हरवली, प्रिंटर बिघडला तर जाब त्यांनाच. मग लॅबला कुलूप लागतं आणि ते पाहुणे येणार असले की उघडतं. यासाठी मी शिक्षकांना बोल लावत नाही. एका माणसाकडून आपण चार माणसांचं काम मागतो आहोत. ‘मेंटॉर ऑफ चेंज’ म्हणून बाहेरच्या जाणकारांना लॅबशी जोडायची योजनाही मिशनने २०१७ मध्ये आणली. पुण्याच्या शाळेला आयटी कंपनीतला अभियंता सहज मिळतो. महागाव, उमरखेड, आर्णीच्या शाळेने तो कुठून आणावा?

याचं उत्तर महाराष्ट्रातल्याच एका खेड्याने चाळीस वर्षांपूर्वी दिलेलं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून ते दुष्काळी गावात येऊन राहिले. हाताने काम करत शिकणं हा त्यांचा पाया. पुढे शाळांमध्ये ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय आला आणि त्यात कलबागांनी एक धीट गोष्ट केली: शिकवायला गावातलेच कारागीर घेतले. वेल्डिंग करणारा, वायरमन, गवंडी, रोपवाटिका चालवणारी बाई. पदवी नसली तरी चालेल, काम यायला हवं आणि ते करून पोट भरत असायला हवं. मुलं शाळेच्या आवारात गावाची खरी कामं करत, त्याचे पैसे घेत, हिशेब ठेवत. एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांनी सुरू केलेल्या, वस्तू घडवण्याच्या ‘फॅब लॅब’ कार्यशाळांच्या जाळ्यातली अगदी सुरुवातीची लॅब २००२ साली पाबळला आली ती यामुळेच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना गावातल्या सुतार, कुंभार, माळी अशा कारागिरांकडे शिकायला जावं असं म्हटलं आहे. पाबळ त्याच वाटेवर कधीच पुढे निघून गेलं होतं.

पाबळच्या नजरेतून पाहिलं तर फुलसावंगीचा तो मुलगा कोण होता? ज्याला पत्रा वाकवता येतो, इंजिन उतरवून पुन्हा बसवता येतं, जो डोळ्याने पाहिलेलं हाताने घडवू शकतो, असा शिक्षक. तालुक्यातल्या कोणत्याही लॅबला हेवा वाटावा असा. आठवड्यातून दोन दुपारी तो शाळेत आला असता, तर मुलांना वेल्डिंग आलं असतं. आणि त्याच लॅबच्या निमित्ताने पुसदचा एखादा प्राध्यापक तिथे येत असता, तर मुन्नाच्या हेलिकॉप्टरचा कागद त्याच्यापुढे पसरला गेला असता. ‘मुन्नाभाऊ, शेपटीच्या पात्याचं बूड दाखवा बरं’ एवढं एक वाक्य कुणीतरी म्हटलं असतं. हे कल्पनेतलं आहे हे मला माहीत आहे. पण यात अशक्य काहीच नाही, आणि तेच जिवाला लागतं.

याच महाराष्ट्रात अमोल यादव या वैमानिकाने मुंबईत कांदिवलीच्या आपल्या घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली. यादव यांना त्यासाठी कित्येक वर्षं कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागले. त्या दिरंगाईवर टीका झाली ती योग्यच होती. पण ते स्वतः प्रशिक्षित वैमानिक होते. कोणतं दार ठोठावायचं हे त्यांना माहीत होतं आणि धोका कुठे आहे हेही. जिद्द दोघांचीही सारखीच. फरक पडला तो ओळखींचा, भाषेचा, शिक्षणाचा, आणि कोणाला ‘थांब’ म्हणणारे मित्र भेटले याचा.

आता मूळ वादावर माझं मत सांगतो. सामन्याच्या वेळी कोचच्या जागी विद्यार्थीच असावा. हरला तरी चालेल. प्रौढ माणूस दोन पावलं मागे, नजर रोबोवर, हात खिशात. आधीच्या महिन्यांत मात्र त्याने भरपूर जवळ असावं. हत्यार कसं धरायचं, चष्मा का घालायचा, पहिली चाचणी दुरून का घ्यायची, हे शिकवताना त्याने जराही संकोच करू नये. विचारल्याशिवाय उत्तर देऊ नये, पण धोका दिसला तर विचारायची वाट पाहू नये. लहान वयात, दहा-अकरा वर्षांपर्यंत, मोठ्यांचा हात थोडा जास्त लागेल. पंधरा-सोळाव्या वर्षी तो जवळजवळ सुटलेला असावा. आणि स्पर्धा भरवणाऱ्यांनी एक साधी गोष्ट करावी: सगळ्या संघांना विद्यार्थी-कोच सक्तीचा करावा, म्हणजे कुणा सरांपुढे कुणा पोरीला गप्प बसावं लागणार नाही. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनीत परीक्षकांनी मॉडेल सुटं करून मुलाला पुन्हा जोडायला सांगावं. अर्ध्या तासात खरं-खोटं कळतं. ज्याने स्वतः बनवलं, त्याला ते जोडताना आनंदच होतो.

रोबोटिक्सची स्पर्धा आपल्या तालुक्यात नाही, म्हणून हा प्रश्न आपला नाही, असं कृपया समजू नका. हे वाचणाऱ्यांत एसटी आगारातून निवृत्त झालेले मेकॅनिक असतील, आयटीआयचे निदेशक असतील, महावितरणमध्ये तीस वर्षं काढलेले लाइनमन असतील, पुसद-यवतमाळ-अमरावतीला शिकून पुण्यात नोकरी करणारे आणि दिवाळीला गावी आलेले अभियंते असतील. गावात एखादं तरी पोरगं असतं, जे मोटरसायकलच्या इंजिनापासून काहीतरी बनवतंय, ज्याला लोक हसतात किंवा ज्याचा व्हिडिओ काढतात. त्याच्याकडे जा. बनवू नकोस म्हणू नका. काय बनवतोस ते विचारा, आणि पहिली चाचणी घेशील तेव्हा मला बोलव असं सांगा. जवळच्या शाळेत टिंकरिंग लॅब असेल तर मुख्याध्यापकांना भेटून शनिवारची दुपार मागून घ्या. मुख्याध्यापकांनी आलेल्या माणसाची पदवी न विचारता त्याला चावी द्यावी.